खडकापर्यंतची वाट

‘खडकाला बाई-पुरुष कळत नाही.’ भूविज्ञानात स्त्रिया कमी का, मोहिमांच्या आणि संस्थांच्या प्रमुखपदी तर त्याहून कमी का, असा प्रश्न कुणी काढला की हे वाक्य हमखास येतं, आणि बोलणाऱ्याला वाटतं की वाद मिटला. समोरून येणारं उत्तरही तितकंच ठरलेलं असतं. पृथ्वी ही आई, स्त्रीला निसर्गाची ओढ उपजतच असते, जपणं तिच्या रक्तात असतं, म्हणून या शास्त्राला तिची गरज आहे. तेव्हा मुलींना प्रोत्साहन द्या. मला या दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि दोघींची चूक एकच आहे. दोघी स्त्रीच्या स्वभावाबद्दल बोलतात. हे शास्त्र प्रत्यक्षात चालतं कसं, याबद्दल कुणीच बोलत नाही. भूविज्ञान हे पोहोचण्याचं शास्त्र आहे. त्याचा पुरावा डोंगराच्या उघड्या कड्यावर असतो, खाणीत असतो, समुद्राच्या तळाशी असतो, हिमनदीच्या पोटात असतो. तिथपर्यंत कोण जाऊ शकतं, कुणाच्या परवानगीने जातं आणि परत आल्यावर कुणाचं ऐकलं जातं, यावर कोण शास्त्रज्ञ होणार आणि कोण प्रमुख होणार हे ठरतं. स्त्रियांना या विषयाची गोडी लावावी लागेल, ही समजूतच मला मान्य नाही. गोडी होती, आहे. वाट अडलेली होती आणि अजून बऱ्याच ठिकाणी अडलेली आहे.

‘आई’चा युक्तिवाद आधी बाजूला करू, कारण तो मदतीच्या रूपाने येतो आणि म्हणून जास्त अडचणीचा आहे. ज्वालामुखीच्या राखेतले स्फटिक मोजणारी, बर्फाच्या गाभ्यात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासणारी, भूकंपलेखांवर रात्री काढणारी बाई हे सगळं ममतेपोटी करत नाही. तिला एक प्रश्न पडलेला असतो आणि तो सुटेपर्यंत चैन पडत नाही, म्हणून करते. पुरुषाचं कुतूहल आपण कुठल्याही दाखल्याशिवाय मान्य करतो. मग बाईच्या कुतूहलाला वात्सल्याचं कारण कशाला जोडायचं? यात एक खरा धागा आहे, तो मात्र सोडायचा नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने पाहणी केली, तेव्हा इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या काही गावांत मेलेल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट निघाली. बरेच पुरुष मासेमारीसाठी समुद्रात होते, आणि खोल पाण्यात त्सुनामीची लाट जाणवतही नाही. बायका किनाऱ्याला, घरात, कडेवर मुलं घेऊन. अनेकींना पोहता येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं. इशारा कुठल्या वेळी, कुठे, कुणाच्या कानावर पडतो, हा भूविज्ञानाचाच प्रश्न आहे. पण तो विचारायची जबाबदारी इशारा देणाऱ्या प्रत्येकाची आहे. एखादी केवळ बाई आहे म्हणून तिच्यावर तो सोपवला, तर बाकीचे त्यातून सुटतात आणि ती मात्र कायमची त्याच कप्प्यात बंद होते.

आता ‘खडकाला कळत नाही’. यातलं खरं ते आधी मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९२९ मध्ये न्यूझीलंडला झालेल्या भूकंपाचे आलेख तपासले. जिथे काही लहरी पोहोचायलाच नको होत्या तिथे त्या पोहोचलेल्या दिसल्या, आणि १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की पृथ्वीच्या द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. तो गाभा एका बाईने शोधला म्हणून वेगळा ठरत नाही. दुसऱ्या कुणी शोधला असता तरी तो तिथेच, तेवढाच असता. त्याआधीचं उदाहरण याहून बोलकं आहे. अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वीचं तापमान वाढेल, असा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला. विद्वानांच्या सभेत तो निबंध वाचून दाखवला भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी. तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी स्वतंत्रपणे, अधिक चांगल्या उपकरणांनी उष्णतेच्या शोषणाची मोजमापं केली आणि शास्त्र पुढे गेलं. फूट यांचं नाव दीडशे वर्षं जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हतं, तरी हवामानशास्त्र अडून राहिलं नाही. मग नुकसान काय झालं?

नुकसान झालं ते फूट यांच्या पुढच्या प्रयोगाचं. १८५७ मध्ये त्यांचा आणखी एक निबंध आला आणि त्या विषयात पुढे काही नाही. सत्य उशिरा का होईना, कुणाला तरी सापडतं. पण ज्या माणसाला योग्य प्रश्न सुचला होता त्याचा दुसरा, तिसरा, दहावा प्रश्न कुणालाच सापडत नाही. खडकाला बाई-पुरुष कळत नाही हे खरंच. पण निधी वाटणाऱ्याला कळतं, जहाजाच्या कप्तानाला कळतं, प्रवेश देणाऱ्याला कळतं. खडक शोधनिबंध लिहीत नाहीत. त्यामुळे खडकाच्या निःपक्षपातीपणाचा दाखला माणसांच्या व्यवस्थेला देता येत नाही.

समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या मेरी थार्प यांची गोष्ट हल्ली बरीच सांगितली जाते, पण ती एक प्रेरक कथा म्हणून सांगितली जाते आणि त्यातला मुद्दाच निसटतो. न्यूयॉर्कजवळच्या लॅमोंट वेधशाळेची जहाजं अटलांटिक ओलांडत आणि ध्वनीच्या साहाय्याने समुद्राच्या खोलीच्या नोंदी घेऊन परत येत. थार्प यांना त्या जहाजांवर चढायला मनाई होती, बाई म्हणून. नोंदी आणायच्या त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी आणि त्यांचे नकाशे करायचे थार्प यांनी, अशी विभागणी. १९५२ मध्ये त्यांनी टेबलावर सहा लांबलचक छेद एकाखाली एक लावले. महासागराच्या मधोमध पर्वतरांग आहे हे माहीत होतं. प्रत्येक छेदात तिची शिखरं थोडी वेगळी दिसत होती, जुळत नव्हती. पण रांगेच्या माथ्यावर एक खाच होती, इंग्रजी व्हीच्या आकाराची, आणि ती एकाखालोखाल एक जवळजवळ सगळीकडे येत होती. म्हणजे माथ्यावरून खचदरी चालली होती, म्हणजे तिथे कवच फाकत होतं. खंडं सरकतात असं म्हणणं तेव्हा तिथे जवळपास पाखंड मानलं जाई. हीझन यांनी ‘बायकी बडबड’ म्हणून ते उडवून लावलं. शेजारच्या टेबलावर एक सहकारी त्याच प्रमाणावर भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होता. दोन्ही कागद खालून उजेड पाडणाऱ्या टेबलावर एकमेकांवर ठेवले, तेव्हा भूकंपांचे ठिपके थेट त्या दरीत पडले. हीझन यांना पटायला यात बरेच महिने गेले. १९५७ मध्ये उत्तर अटलांटिकचा नकाशा आला आणि पुढे भूपट्टांच्या सिद्धान्ताला, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे या मांडणीला, जो पाया मिळाला, त्यात या टेबलाचा मोठा वाटा आहे.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे: पाहा, जहाजावर न जाताही जिला करायचं होतं तिने केलंच. गुणवत्ता असली की वाट सापडते. मला या उत्तराचं आश्चर्य वाटतं, कारण ते भूवैज्ञानिकांच्या तोंडून येतं. जीवाश्मांचा अभ्यास करणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी काय शिकतो? हेच, की जे टिकलं त्यावरून जे होतं त्याचा हिशेब करायचा नसतो. कवच टिकतं, हाड टिकतं, दात टिकतात. मऊ शरीराचे जीव कुजून जातात. खडकात फक्त शिंपले दिसले म्हणून त्या समुद्रात फक्त शिंपले होते असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. कॅनडातल्या बर्जेस शेलसारखा एखादा थर सापडतो, जिथे चिखलाने मऊ शरीरंही जपून ठेवली, आणि मग कळतं की बाकीच्या सगळ्या थरांतून किती जीव गळून गेले होते. थार्प, लेहमान, फूट हे टिकलेले जीवाश्म आहेत. त्यांच्यावरून ‘वाट मोकळी होती’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे आपल्याच शास्त्राचा पहिला धडा विसरणं.

या बाबतीतला बर्जेस शेलही दाखवता येतो. फ्लोरेन्स बॅस्कम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होत्या तेव्हा त्यांना वर्गात पडद्याआड बसवलं जाई, मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. तिथून १८९३ मध्ये त्या डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्या, तीन वर्षांनी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात नेमल्या गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या, आणि ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात त्यांनी भूविज्ञानाचा विभाग उभा केला. जागा कमी, साधनं कमी, संग्रह स्वतः गोळा केलेला. पण तिथे पडदा नव्हता आणि मुली हातोडा घेऊन डोंगरात जात. १९३७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या फेलो असलेल्या अकरा स्त्रियांपैकी आठ जणी या एका कॉलेजच्या होत्या. एका संपूर्ण देशातल्या अकरापैकी आठ! भूविज्ञानाची बुद्धी घेऊन जन्माला येणाऱ्या मुली नेमक्या त्याच कॉलेजात गोळा झाल्या होत्या का? की बाकी सगळीकडून त्या गळून जात होत्या आणि इथे गळत नव्हत्या?

दुसरा आक्षेप आवडीचा. अनेक जण प्रामाणिकपणे म्हणतात की आज दारं उघडी आहेत, तरी मुली दुसरे विषय निवडतात. निवडीचा मान राखा. यातही तथ्य आहे. मोकळीक असलेल्या समाजातही प्रत्येक विषयात निम्मे-निम्मे होतील असं नाही, आणि आकडा निम्म्यावर आणणं हे माझं ध्येयही नाही. ज्या मुलीला रसायन किंवा कायदा आवडतो तिला खडकांकडे ओढायचा अधिकार कुणाला नाही. पण आवड ही काही गर्भातून पक्की होऊन येत नाही. समोर काय ठेवलं जातं त्यावर ती पुष्कळ अवलंबून असते. पुन्हा थार्प यांच्याकडेच पाहा. त्यांची पहिली पदवी इंग्रजी आणि संगीत या विषयांची. दुसऱ्या महायुद्धात मुलगे आघाडीवर गेले, वर्ग ओस पडले, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने मुलींना दार उघडलं आणि तेलउद्योगात नोकरीची हमी दिली. थार्प गेल्या. युद्ध सुरू व्हायच्या आधी कुणी पाहणी केली असती, तर त्यांच्या नावापुढे ‘भूविज्ञानात रस नाही’ असंच लिहिलं गेलं असतं. एका वर्षात स्वभाव पालटत नाही. दार मात्र एका दिवसात उघडता येतं.

आणि दार उघडणं म्हणजे नेमकं काय, हे अंटार्क्टिकाने फार स्पष्ट दाखवलं आहे. तिथे संशोधकांना नेण्या-आणण्याचं काम अमेरिकेचं नौदल करत असे आणि ते बायकांना नेत नव्हतं. कारण सांगितलं जाई ते सोयींचं, म्हणजे मुख्यतः स्वच्छतागृहांचं. सोव्हिएत संघाच्या सागरी भूवैज्ञानिक मारिया क्लेनोवा १९५६ मध्येच तिथे काम करून आल्या होत्या, तरी हे कारण चालत राहिलं. अखेर १९६९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या भूरसायनशास्त्रज्ञ लॉइस जोन्स चार जणींचं पथक घेऊन तिथल्या बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्यांमध्ये गेल्या. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला एक विमान दक्षिण ध्रुवावर उतरलं. त्यात सहा स्त्रिया होत्या, आणि त्यांनी ठरवलं होतं की ‘ध्रुवावर पाऊल ठेवणारी पहिली बाई’ असं कुणी एकीने व्हायचं नाही. विमानाचा मागचा उतार खाली आला, सहाही जणी एकमेकींच्या हातात हात अडकवून एका रांगेत बर्फावर उतरल्या. भारताच्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत तिथे गेल्या त्या १९८३ मध्ये. १९६९ साली त्या खंडात असं काय बदललं होतं? थंडी तीच, वारा तोच, बायकांची शरीरंही तीच. बदलला होता एक आदेश. ज्या शास्त्राने रशियातल्या कोला द्वीपकल्पात १२ किलोमीटरहून खोल भोक पाडलं, त्याला एका स्वच्छतागृहाला दार बसवणं जमणार नव्हतं, हे कुणाला पटेल?

सुरक्षेचा मुद्दा मात्र हलका नाही, आणि त्याला हलकं लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. हे शास्त्र जीव घेतं. कात्या क्राफ्ट यांनी पती मॉरिस यांच्यासोबत आयुष्यभर ज्वालामुखींच्या तोंडाशी काम केलं आणि ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन पर्वतावर राख आणि तप्त वायूंच्या लोटात दोघंही गेले. त्या दिवशी एकूण ४३ माणसं मेली. मोहिमेच्या प्रमुखाला प्रत्येक जिवाचा जाब द्यावा लागतो, त्यामुळे त्याने सावध असणं हे चूक नाही. पण ‘संरक्षण’ या शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. १८४२ मध्ये ब्रिटनने कायदा करून स्त्रियांना आणि मुलींना खाणीच्या खाली जायला बंदी केली. त्यामागची कळकळ खरी होती. पट्टा आणि साखळी कमरेला बांधून कोळशाचे गाडे ओढणाऱ्या मुलींची चित्रं पाहून कुणाचंही मन द्रवलं असतं. पण कायद्याने खाणीतला धोका कमी केला नाही, बायकांना बाहेर काढलं. बायका वरच्या, कमी मजुरीच्या कामावर गेल्या आणि पुरुष त्याच हवेत, त्याच छताखाली मरत राहिले. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कराराने हाच नियम जगभर नेला. भारतात १९५२ च्या खाण कायद्यात तो होता आणि तांत्रिक, देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना जमिनीखाली उतरायची मुभा २०१९ मध्ये मिळाली. एवढ्या काळात खाणी जिथे सुरक्षित झाल्या तिथे त्या हवा खेळती ठेवल्याने, छत टेकवल्याने, वायू मोजल्याने झाल्या, आणि त्या सुधारणांनी सगळ्यांचेच जीव वाचले. धोका जागेत असेल तर जागा दुरुस्त करायची. माणसाला बाहेर ठेवून धोका दुरुस्त होत नाही.

शिवाय धोका नेहमी कड्यावरच असतो असंही नाही. एक कॅम्प डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा तंबू, सर्वांत जवळचा रस्ता दोन दिवसांच्या चालीवर, पुढचं हेलिकॉप्टर आठवड्याने. उपग्रह फोन एकच, तो प्रमुखाच्या तंबूत. रोज कोण कुठल्या कड्यावर जाणार ते तो ठरवतो, नमुने कुणाच्या नावावर जाणार ते तो ठरवतो, आणि परतल्यावर विद्यार्थिनीच्या प्रबंधावर सही त्याचीच, नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचंच. अशा ठिकाणी त्याने काही वावगं केलं तर ती कुणाला सांगणार? त्याच्याच फोनवरून? फील्डवर काम करणाऱ्या ६६६ संशोधकांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६४ टक्क्यांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं, आणि पाचातल्या एकाहून अधिक जणांनी प्रत्यक्ष लैंगिक हल्ला. स्त्रियांच्या बाबतीत छळणारे बहुधा वरिष्ठ होते. स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांच्या पाहणीला मर्यादा असतात हे मला मान्य आहे. टक्के थोडे इकडेतिकडे होतील. पण ज्या रचनेत सगळ्या किल्ल्या एकाच खिशात आहेत ती रचना वाईट आहे, हे समजायला टक्केवारीची गरज नाही. अमेरिकन भूभौतिकी संघाने २०१७ मध्ये छळाला वैज्ञानिक गैरवर्तनाच्या व्याख्येत घातलं, म्हणजे खोटी आकडेवारी देण्याच्या रांगेत बसवलं. मला हा निर्णय शंभर भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याच्या जोडीला साध्या गोष्टी हव्यात: प्रत्येक कॅम्पवर दोन प्रमुख, प्रमुखाच्या ताब्यात नसलेला दुसरा फोन, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या वहीत लिहिलेलं, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव.

साध्या गोष्टींबद्दल बोलायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून मी थोडं थांबून बोलतो. उघड्या माळावर, आडोसा नसलेल्या गवताळ उतारावर दिवसभर खडकांच्या थरांचा नकाशा करायचा असतो. वीस जणांत तीन मुली. त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण मधे कुठे थांबायचं हे कुणी सांगितलेलं नाही आणि विचारायची लाज वाटते. दुपारी दोनला डोकं ठणकायला लागतं, होकायंत्राचा काटा वाचताना चुका होतात, आणि संध्याकाळी वहीवर शेरा पडतो: निरीक्षण काटेकोर नाही. पाळीचे दिवस असतील तर आणखी बिकट. हे उदाहरण काढलं की लोक म्हणतात, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर शास्त्र अडतं का? अडतं. शास्त्र माणसं करतात आणि तहानलेलं माणूस नीट मोजत नाही. वेळापत्रकात ठरलेले थांबे, एक उभा करता येणारा छोटा तंबू आणि पहिल्याच दिवशी पुरुष-स्त्री सगळ्यांसमोर, सहज आवाजात दिलेली माहिती, एवढ्यावर हे सुटतं. अंगाला न बसणारे दोर-पट्टे, मोठ्या मापाचे बूट, हातात न मावणारे हातमोजे हाही त्यातलाच प्रकार. उंचीवरून दोराने उतरताना सैल पट्टा हा गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न होतो.

घरसंसाराचं काय, असं विचारलं जातं. दोन-दोन महिने समुद्रावर राहणं आई झालेल्या बाईला कठीण, हे खरंच आहे. बाप झालेल्या पुरुषाला ते सोपं वाटत आलं, कारण त्याच्या मागे घर चालवणारं कुणीतरी होतं आणि तिचा खर्च कुठल्याच संशोधन निधीत दाखवला गेला नाही. तो खर्च आता उघड मांडावा, मुलं सांभाळण्याची तरतूद निधीत असावी, लांब सफरीचे दोन टप्पे करून मधल्या बंदरात माणसं बदलता यावीत. ‘मग त्यांनी प्रयोगशाळेतलं काम घ्यावं, उपग्रहाची चित्रं पाहावी’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो. ज्याला तेच काम आवडतं त्याने जरूर करावं; आजचं निम्मं भूविज्ञान पडद्यावर आणि उपकरणांत घडतं आणि ते दुय्यम नाही. पण बाई म्हणून आपोआप वाट्याला येतं तेव्हा ते पुन्हा थार्प यांचं टेबल असतं.

राहिला तो सर्वांत वजनदार आक्षेप. नेतृत्वाच्या जागा स्त्रियांसाठी धरून ठेवल्या, तर तिथे बसलेल्या प्रत्येक बाईकडे लोक संशयाने पाहतील. जिने स्वतःच्या बळावर जागा मिळवली तिचाही अपमान होईल. हे मी नाकारत नाही. हवामानशास्त्राच्या उपकरणांत भारताला स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या ॲना मणी यांचं उदाहरण याला पूरक आहे. १९४८ मध्ये त्या हवामान खात्यात आल्या, सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले, ओझोन मोजणारं उपकरण उभं केलं, सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं आणि उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. ‘बाई असून’ या कौतुकाचा त्यांना तिटकारा होता. आपल्या कामात बाई असण्याचा काही संबंध नाही, असंच त्या मानत. हा लेख त्यांना कदाचित आवडला नसता. त्यांचा स्वाभिमान मला पूर्णपणे कळतो. पण त्या ज्याला नको म्हणत होत्या ते होतं कौतुक. मी कौतुक मागत नाही.

आणि संशय राखीव जागांमुळे जन्माला येतो, हे तर पुराव्याला धरून नाही. भूविज्ञानातल्या संशोधनवृत्तीसाठी आलेली १,२२४ शिफारसपत्रं, ५४ देशांतली, तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘उत्कृष्ट’ म्हणता येईल असं पत्र मिळण्याची शक्यता स्त्री उमेदवाराच्या बाबतीत पुरुषाच्या जवळपास निम्मी होती. पत्र लिहिणारा पुरुष असो की बाई, फरक पडत नव्हता. कुठेही राखीव जागा नव्हती, आरक्षणाचा वाद नव्हता. तरी ‘मेहनती आहे, चांगली आहे’ आणि ‘असामान्य आहे, उद्या या क्षेत्राचं नेतृत्व करेल’ यांच्यातली रेघ शांतपणे ओढली जात होती. अमेरिकन भूभौतिकी संघाच्या नियतकालिकांत २०१२ ते २०१५ या काळात निबंध तपासणाऱ्यांत स्त्रिया २० टक्के होत्या, संघाच्या सदस्यांत २८ टक्के. पुरुष लेखकांना आणि संपादकांना तपासनीस म्हणून पुरुषांचीच नावं आधी सुचत होती, एवढ्यावरून. यात कुणी खलनायक नाही. म्हणूनच उपदेशाने ते जाणार नाही, पद्धत बदलून जाईल. हबल दुर्बिणीचा वेळ वाटताना २०१८ मध्ये अर्जांवरची नावं झाकली, आणि यशाच्या प्रमाणात स्त्रिया पहिल्यांदाच पुरुषांच्या पुढे गेल्या. दुर्बिणीला जे जमलं ते जहाजाच्या वेळेला, बोअरच्या जागेला, निधीला का जमू नये?

म्हणून प्रमुखपदावर थेट राखीव जागा हा माझा पहिला पर्याय नाही. समितीत एकटी बाई बसवून तिच्यावर सगळ्या समित्यांचं ओझं टाकायचं आणि तिचं संशोधन बुडवायचं, हे मला नको आहे. पण मोहिमेचा प्रमुख फोनवर, ओळखीतून ठरवायचा ही रीत मोडायलाच हवी. जागा जाहीर करा, निकष छापा, अंतिम यादीत एकही स्त्री नसेल तर ती यादी परत पाठवा, आणि उपप्रमुख म्हणून केलेली प्रत्येक सफर पुढच्या प्रमुखपदासाठी मोजा. कारण या शास्त्रात प्रमुख म्हणजे सभेत हार घालून बसणारं माणूस नव्हे. जहाज आज कुठे वळायचं, पुढचं भोक कुठे पाडायचं, हाती आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रमुख ठरवतो. अमेरिकेचं भूशास्त्रीय सर्वेक्षण १८७९ मध्ये स्थापन झालं. त्याला पहिली महिला संचालक मिळाली २००९ मध्ये, भूभौतिकशास्त्रज्ञ मार्शा मॅकनट. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली. रोज पाच हजार पिंपं तेल समुद्रात जातंय असा आकडा तेव्हा फिरत होता. किती तेल वाहतंय ते ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाचं नेतृत्व मॅकनट यांच्याकडे होतं, आणि सुरुवातीचा प्रवाह दिवसाला सुमारे ६२ हजार पिंपांचा होता असं अखेर निष्पन्न झालं. बाई होती म्हणून हे कळलं, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण १८७९ पासूनच्या १३० वर्षांत त्या खुर्चीवर बसू शकणाऱ्या किती जणींना आधीच जहाजाच्या शिडीवरून परत पाठवलं गेलं, हा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

थार्प यांना समुद्रावर जायला मिळालं ते १९६८ मध्ये. उत्तर अटलांटिकचा नकाशा प्रसिद्ध होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि त्यांचं वय पन्नाशीला आलं होतं. ज्या समुद्राचा तळ त्यांनी इंचाइंचाने रेखला होता, खोलीच्या नोंदी कशा घेतात ते त्यावर तरंगत त्यांनी त्या सफरीत पहिल्यांदा स्वतः पाहिलं.